अक्षरांचे सोबती : मोरोपंत

शब्दकोडे सोडविताना एकाच शब्दाचे दोन अर्थ ध्यानी आले, की मनाला मोठा आनंद होतो. ‘कर’ म्हणजे हात आणि ‘कर’ म्हणजे सरकारात भरावयाचा पैसा. ‘जीवन’ म्हणजे आयुष्य आणि ‘जीवन’ म्हणजे पाणी. शब्दांच्या या लपंडावाला काव्यशास्त्रात श्लेष म्हणतात. आपल्या पंडित कवींना अशा शब्दखेळांची विलक्षण गोडी होती. कृष्णाकाठी, वाईजवळच्या भोगावी ज्यांची समाधी आहे, ते वामन पंडित यमकांसाठी प्रसिद्ध होते. त्यांच्या मागून आलेल्या मोरोपंतांनी तर या कलेची परिसीमा गाठली.

मोरोपंतांचा जन्म १७२९ साली पन्हाळगडावर झाला. त्यांचे आडनाव पराडकर व वडिलांचे नाव रामाजीपंत. गडावरच केशव पाध्ये व गणेश पाध्ये या विद्वान बंधूंजवळ त्यांनी संस्कृत काव्य व शास्त्र यांचे अध्ययन केले. तारुण्यात ते बारामतीस आले. तेथे बाबूजी नाईक यांचा त्यांना आश्रय लाभला. पुराण सांगावे, पोथ्या वाचाव्यात आणि काव्य रचावे, असा त्यांचा क्रम अखेरपर्यंत चालला. आर्या हे त्यांचे आवडते वृत्त. त्यांच्या गीती नावाच्या आर्येत प्रत्येक ओळीत मोजून ३० मात्रा लागतात. अशा १७,००० हून अधिक आर्यांत त्यांनी महाभारताची कथा मराठीत आणली.

मोरोपंतांनी १०८ रामायणे रचली, असे सांगतात. एकच कथा इतक्या वेळा सांगावयाची, तर प्रत्येक वेळी नवी युक्ती हवी. मंत्ररामायणात त्यांनी रामनामाचा १३ अक्षरी मंत्र पद्यांतून अक्षराअक्षराने गुंफला. परंतु सर्वांत अवघड कोडे त्यांनी स्वतःस घातले, ते निरोष्ठ रामायणात. निरोष्ठ म्हणजे ओठांवाचून. प, फ, ब, भ, म ही अक्षरे ओठांस ओठ लागल्यावाचून उच्चारता येत नाहीत. म्हणून ती सारी वर्ज्य! आता ‘राम’ असे म्हणून पाहा. शेवटी तुमचे ओठ मिटले ना? म्हणजे रामाची कथा सांगावयाची, पण ‘राम’ म्हणावयाचे नाही. लक्ष्मण, भरत आणि हनुमान यांचीही नावे घेता येत नाहीत. सीता, जनक आणि दशरथ मात्र चालतात. अशा वेळी रामाला दाशरथी किंवा जानकीनाथ म्हणावे लागते. प्रत्येक अडलेल्या शब्दासाठी दुसरा शब्द शोधावा, आणि तरीही मात्रा चुकू नयेत, यमक जुळावे व कथा पुढे जावी! भाषेचे केवढे भांडार त्यांच्या मुखी असले पाहिजे!

अशा अक्षरखेळात कित्येकदा अर्थाची ओढाताण होते, वाचकाचे लक्ष भावाऐवजी चातुर्याकडे जाते, असा आक्षेप रसिकांनी घेतला आहे. तो अगदीच निराधार नाही. पण मोरोपंतांची ‘केकावली’ वाचली, म्हणजे त्याचे उत्तर मिळते. पृथ्वी वृत्तातील या काव्यात त्यांनी देवाला कळवळून हाक मारली आहे. आयुष्यभर शब्दांशी केलेली झटापट येथे हृदयाच्या कामी आली. आणि या काव्याच्या नावातही एक गोड कोडे आहे. केका म्हणजे मोराचा टाहो, आणि आवली म्हणजे ओळ. ‘मोरो’ या नावावरून कवी स्वतःला मयूर म्हणवीत असत. मेघाला पाहून मोराने टाहो फोडावा, तसा या मयूराने देवापुढे टाहो फोडला!

१७९४ साली बारामतीस मोरोपंतांनी देह ठेवला. कोड्याचे बंधन जितके कडक, तितका शब्दांचा शोध खोल, हे त्यांनी आपल्या उदाहरणाने दाखविले. तुम्हीही एकदा प, फ, ब, भ, म ही पाच अक्षरे टाळून चार वाक्ये लिहून पाहा. मोरोपंतांचे परिश्रम मग तुम्हांस आपोआप कळतील.