आर्सचे धर्मगुरू



४ ऑगस्ट हा संत जॉन मेरी व्हियानी यांचा सण. ते धर्मग्रामांच्या सर्व धर्मगुरूंचे आश्रयदाते. त्या दिवशी तुम्ही आम्हा धर्मगुरूंना फुले देता, आमचे कौतुक करता. या संताने आपल्या वाट्याला आलेल्या मानाचे काय केले, ते आज पाहू या.

१७८६ साली फ्रान्समधील दार्दिली गावी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लॅटिन काही केल्या जमेना, म्हणून सेमिनरीतून त्यांना परत पाठवण्यात आले. तरीही त्यांची भक्ती पाहून १८१५ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १८१८ साली त्यांना आर्स येथे नेमले. गावाची वस्ती जेमतेम २३०. पहाटेच्या अंधारात ते पवित्र साक्रामेंतापुढे एकटेच गुडघे टेकत. हळूहळू गाव चर्चकडे वळले, मग दूरदूरहून लोक येऊ लागले. उन्हाळ्यात ते दिवसाचे सोळा-सोळा तास पापनिवेदन ऐकत.

१८५२ साली महागुरूंनी त्यांना कॅनन ही पदवी व मानाचे खांदेवस्त्र दिले. त्यांनी ते ५० फ्रँकला विकून पैसे सत्कार्याला लावले. १८५५ साली सरकारने दिलेले पदकही त्यांनी कधी मिरवले नाही. १८५९ साली आर्समध्येच ते देवाघरी गेले.

मोठ्या पदाचा मोह आम्हा धर्मगुरूंनाही होतो, आणि समितीतल्या खुर्चीवरून धर्मग्रामातही रुसवेफुगवे होतात. या आठवड्यात आपण रोज पाच मिनिटे, कोणी पाहत नसताना, साक्रामेंतापुढे बसू या. आणि तेव्हा आमचीही आठवण करा.