हापूसमध्ये लपून बसणारी बुरशी आणि मालवणचे डॉ. आघारकर: काय आहे नातं?

पेटी घरी येते तेव्हा आंब्यावर एकही डाग नसतो. चार दिवसांत फळ पिकतं आणि सालीवर काळे ठिपके उमटतात. दोष वाहतुकीला दिला जातो. पण बऱ्याचदा रोग बागेतच लागलेला असतो.

करपा रोगाची बुरशी, म्हणजे कोलेटोट्रिकम, दमट हवेत कोवळ्या फळाला चिकटते आणि तिथेच थांबते. कच्च्या फळातली काही द्रव्यं तिला रोखून धरतात. फळ पिकायला लागलं की ती कमी होतात आणि बुरशी पसरते. डाग दिसेपर्यंत बागायतदाराच्या हातातून वेळ गेलेली असते.

बुरशी नेमकी कोणती, हे ठरवायला तिचा नमुना वाढवून आधीच ओळख पटलेल्या बुरशींशी ताडून बघावा लागतो. अशा बुरशींचा राष्ट्रीय संग्रह पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आहे. हे आघारकर मूळचे मालवणचे.

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८८४ चा. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, मालवण रत्नागिरीत होतं. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते शिकले आणि तिथेच शिकवू लागले. सह्याद्रीच्या नद्यांमध्ये त्यांना गोड्या पाण्यातली जेलीफिश सापडली. तिचे जवळचे भाईबंद तोवर फक्त आफ्रिकेत माहीत होते.

पुढे कलकत्ता विद्यापीठाने त्यांना वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक नेमलं. उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीत गेले आणि १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं. ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना अटकेत राहावं लागलं. तरीही बर्लिनहून डॉक्टरेट घेऊनच ते परतले.

कलकत्त्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी आराम केला नाही. १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली आणि आघारकर तिचे पहिले संचालक झाले. १९६० मध्ये निधन होईपर्यंत ते संस्थेसाठी झटले. १९९२ मध्ये तिच्या संशोधन संस्थेला त्यांचं नाव मिळालं.

आंब्यावरची बुरशी हा आघारकरांचा अभ्यासविषय नव्हता. कोरड्या प्रदेशातल्या वनस्पती कशा पसरतात, हे ते शोधत होते. पण नमुना गोळा करायचा, ओळखायचा आणि पुढच्यांसाठी जपून ठेवायचा, ही शिस्त त्यांच्या संस्थेत रुजली. तिथल्या वाळवलेल्या बुरशींच्या संग्रहाला प्रा. आजरेकर या बुरशीतज्ज्ञाचं नाव आहे.

शत्रूचं नाव कळलं, तर मोहोर आणि कोवळ्या फळाच्या काळातच योग्य फवारणी करता येते. मालवणच्या बागायतदाराची पेटी त्यावरच वाचते.