पंडिता रमाबाईंचे उघडे दार

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर स्त्रीचे चरित्र द्यावयाचे, हा आपल्या मंडळाचा जुना परिपाठ आहे. जिजाबाई झाल्या, अहल्याबाई झाल्या, सावित्रीबाई झाल्या. यंदा मी पंडिता रमाबाईंचे नाव सुचविले तेव्हा एकदोघींनी लगेच विचारले की त्या तर ख्रिस्ती झाल्या होत्या ना? झाल्या होत्या. त्या का झाल्या हेच मला सांगावयाचे आहे. ते वगळून त्यांचे चरित्र लिहिणे म्हणजे पोथीची मधली पाने काढून पारायण करण्यासारखे होईल.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. हा भाग आता कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान, पण त्यांच्या अंगी एक खोड होती, ती म्हणजे बायकोला संस्कृत शिकविण्याची! समाजाने नाके मुरडली, म्हणून ते रानात जाऊन राहिले. पुढे आईनेच रमेला संस्कृत शिकविले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडे, पुराण सांगे आणि मिळेल त्यावर राही. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत अन्नाचे हाल सुरू झाले तेव्हा जवळचे सारे विकून झाले. अंगमेहनत करावी तर ती कधी शिकविलेली नाही, भीक मागावी तर लाज आड येते. वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. आईच्या तिरडीला चार खांदेही मिळेनात. भाऊ श्रीनिवास आणि कसेबसे मिळालेले दोघे ब्राह्मण असे तीन झाले, चौथी रमा. तिची उंची कमी, म्हणून तिने आपली बाजू डोक्यावर घेतली आणि ते लांबचे स्मशान गाठले. तेव्हा ती सोळा वर्षांची होती.

त्या दशकातील दुष्काळाची आठवण आपल्या पनवेलकरांना वेगळ्या कारणाने आहे. १८७६-७७ साली माणसे अन्नावाचून मरताना पाहून आपल्याच तालुक्यातील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पेटून उठले आणि १८७९ साली त्यांनी बंड उभारले. त्यांनी शस्त्र धरले. रमाबाईंनी त्या भुकेला दिलेले उत्तर यायला आणखी वीस वर्षे जावयाची होती.

भाऊबहीण पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते हे पाहून तिथले पंडित थक्क झाले व त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते शूद्र मानलेल्या जातीचे, त्यामुळे दोन्हीकडून बहिष्कार आला. मुलगी मनोरमा दहा महिन्यांची झाली न झाली तोच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पती पटकीने गेले. तेविसाव्या वर्षी बाई विधवा झाल्या. जवळचे म्हणावे असे मनोरमेखेरीज कोणी उरले नाही.

पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि शिक्षणाच्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली. मुलींना शिकविण्यास बायकाच हव्यात आणि बायकांना तपासण्यास बायकाच डॉक्टर हव्यात, असे त्यांनी तिथे मांडले. स्वतः वैद्यकी शिकावी म्हणून त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या, पण कानाने कमी ऐकू येई म्हणून तो बेत सोडावा लागला.

वाँटेज गावी ज्या जोगिणींकडे त्या उतरल्या होत्या, त्यांनी बाईंना हवापालटासाठी लंडनजवळच्या फुलहॅम येथील आपल्या घरी पाठविले. तिथे घसरलेल्या म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांना ठेवून घेत. बाईंनी पाहिले की या स्त्रियांना कोणी हिडीसफिडीस करीत नाही, आणि त्यांच्यातल्याच काही आता आजाऱ्यांची व दुबळ्यांची सेवा करीत आहेत. बाईंनी धर्मशास्त्राचे ग्रंथ मुळातून वाचले होते. स्त्री जातीनेच अपवित्र, तिला पतीवाचून गती नाही, आणि घसरलेल्या स्त्रीला तर राजाने कठोर शासन करावे, असे त्यांत वाचलेले. तेव्हा त्यांनी त्या जोगिणींना विचारले की तुम्ही हे कशासाठी करता? त्यांनी येशूची व शोमरोनी स्त्रीची गोष्ट काढून दाखविली. पाच नवरे झालेली, परक्या जातीची ती बाई भर दुपारी एकटी विहिरीवर येते. येशू तिच्याजवळ पाणी मागतो आणि देव व भक्ती यांविषयी तिच्याशी बोलत बसतो.

आपण म्हणू, यात काय मोठेसे? पण जिने आईची तिरडी डोक्यावर वाहिली, जिच्याशी दोन्ही समाजांनी व्यवहार तोडला, तिला त्या गोष्टीत काय दिसले असेल ते पाहा. माणूस देवाच्या प्रतिमेप्रमाणे घडविलेला आहे, असे ख्रिस्ती धर्म मानतो. याचा अर्थ असा की माणसाचे मोल त्याच्या वागणुकीवरून, जातीवरून वा उपयोगावरून ठरत नाही. ते आधीच ठरलेले आहे. वागणूक सुधारली तर जवळ करू असे नव्हे, तर जवळ केले म्हणून ती सुधारली, असा क्रम बाईंनी फुलहॅमला डोळ्यांनी पाहिला. आपल्याकडे हे कोणी सांगितलेच नाही असे मी म्हणत नाही. तुकोबांनी साधूची ओळख सांगितली ती दुःखितांना जवळ करण्यावरूनच. पण त्या विचाराने चालणारे, चूल पेटलेले आणि अंथरूण घातलेले घर बाईंना पहिल्यांदा तिथे भेटले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

आता मंडळापुरते थोडे बोलते. मदतीच्या आपल्या अर्जात वर्तणुकीचा एक रकाना आहे आणि खाली दोन प्रतिष्ठितांची शिफारस लागते. नवऱ्याचे घर सोडून आलेल्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या बाईला ओळखणारे प्रतिष्ठित कुठून मिळावेत? मदतीचा पैसा वर्गणीचा आहे, तो सांभाळून द्यावा, हे कोषाध्यक्षबाईंचे म्हणणे रास्तच आहे. तो रकाना ठेवावा की नाही हा विषय येत्या सभेत आहे. माझे मत काढावा असे आहे, आणि हे चरित्र लिहिताना ते अधिक पक्के झाले.

धर्म बदलला म्हणून बाई दुसऱ्या कोणाच्या हुकमतीत गेल्या, असे मात्र घडले नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आपली का नकोत, यावरून त्या वाँटेजच्या जोगिणींशी वाद घालीत. शाकाहार त्यांनी सोडला नाही. बिशपांचे सारेच म्हणणे मान्य करण्यासही त्यांनी नकार दिला. इकडे जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, पण पुण्यातील पुष्कळ लोक दुरावले.

१८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी बाई अमेरिकेस गेल्या. तिथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, शेकडो व्याख्याने दिली आणि पैसा उभा केला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले. तिथे आलेली पहिली विधवा गोदूबाई. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला, त्याच बाया कर्वे. त्या अखेरपर्यंत हिंदूच राहिल्या, हेही लक्षात ठेवावे.

सदन पुण्यास आले आणि १८९३ साली वादळ उठले. सदनात कोणाला धर्म शिकवावयाचा नाही असे ठरलेले होते. पण बाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन जाऊन बसत. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी वीसएक मुली काढून नेल्या. विश्वासाने ठेवलेल्या मुलीची काळजी पालकांना वाटावी यात मला तरी वावगे दिसत नाही. पण काढून नेलेल्या मुली कुठे गेल्या? ज्या घरांत त्यांना कोणी विचारीत नव्हते, पुन्हा त्याच घरांत. बाईंनी आपले दार लावून घेतले नाही.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या तशी बाईंना आपली सोळाव्या वर्षाची स्थिती आठवली. जवळ पुरेसा पैसा नसताना त्या तिकडे गेल्या. मदतीच्या छावण्यांतून अनाथ मुली दुष्ट माणसांच्या हाती पडत होत्या. बाईंनी सुमारे तीनशे मुली व बायका आणल्या. अंगावर चिंध्या, डोक्यात उवा, कोणी आजारी, कोणी इतकी उपाशी राहिलेली की हाती आलेली भाकर लपवून ठेवणारी. पुण्यात प्लेग असल्याने इतकी माणसे शहरात ठेवता येईनात. तेव्हा पुणे-सोलापूर रेल्वेवरील केडगाव येथे आधी घेऊन ठेवलेल्या जमिनीवर झोपड्या व तंबू उभे राहिले. तेच मुक्ती सदन. प्लेगच्या इस्पितळांत स्त्रियांची होणारी आबाळ त्यांनी १८९७ साली वर्तमानपत्रातून जाहीर मांडली, सरकारची भीड ठेवली नाही.

१९०० साली गुजरातच्या दुष्काळातून आणखी माणसे आली आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार माणसांचा स्वयंपाक म्हणजे काय, हे आपल्या हळदीकुंकवाला दोनशे बायकांचा अल्पोपाहार करताना तोंडाला फेस येतो त्यांनी ओळखावे! विहिरी खोदल्या, शेती केली. माग, तेलघाणा, शिवण, गोठा, छापखाना सारे मुली चालवीत. घसरलेल्या म्हणून टाकलेल्यांसाठी कृपा सदन निघाले, म्हणजे फुलहॅमचे घर भीमाथडीच्या मुलुखात आले. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवीत. म्हाताऱ्या आणि काहीच न करू शकणाऱ्याही तिथे होत्या. त्यांच्याकडून कामाची अपेक्षा नव्हती.

मी केडगावला गेले आहे. ती संस्था आजही चालू आहे. आपल्याकडे नेऱ्याच्या शांतिवनात कुष्ठरुग्णांसाठी काम चालते, ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना केडगाव परके वाटणार नाही, जरी दोहोंची वाट निराळी आहे.

आयुष्याची शेवटची वर्षे बाईंनी बायबलच्या मराठी भाषांतरास दिली. पहिले भाषांतर होते, पण ते खेड्यातल्या बाईला कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या. पुराण सांगणाऱ्या बापाची ही लेक, साध्या बोलीचे मोल तिला ठाऊक होते. खिळे जुळवण्याचे काम आश्रमातल्या बायकांचे. यांतल्या कितीकजणी आल्या तेव्हा निरक्षर होत्या.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. एकुलती एक, आणि पुढे सारे जिच्यावर सोपवावयाचे तीच गेली. बाईंनी मुद्रिते तपासण्याचे काम थांबविले नाही. ते हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांचा अंत झाला. छापखान्यातल्या बायकांनी उरलेले फर्मे उतरवून पुरे केले आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली केडगावातून बाहेर पडला.