सक्ती करणाऱ्याने खर्चही सोसावा

गोंदिया जिल्ह्यातील प्रतापगडासारख्या जंगलपट्टीतील शाळेचा भार कोणी वाहावा, असा प्रश्न निघाला की आम्हांस करवीरच्या शाहू छत्रपतींचे चरित्र आठवते. १८७४ साली कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले महाराज दत्तक येऊन १८९४ साली राज्यकारभार पाहू लागले. १९०१ पासून त्यांनी वसतिगृहे उभारली. परंतु वसतिगृहाच्या दारापर्यंत यावयाचे तर आधी गावातच अक्षरओळख झाली पाहिजे, हे त्यांच्या ध्यानी आले.

गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९१२ साली मध्यवर्ती विधिमंडळाने फेटाळले होते. साम्राज्यास जे जड वाटले ते या लहानशा संस्थानाने १९१७ साली अंगावर घेतले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड होता खरा. पण शिक्षण मोफत होते आणि खर्चाची जबाबदारी दरबाराची होती. आम्हांस मोल वाटते ते याचे. १९१८ साली चिखलीस पहिली शाळा निघाली. १९२२ साली, पन्नाशीही न गाठता, महाराज निवर्तले.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला. तरीही २०१७ साली महाराष्ट्र सरकारने दहाहून कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करण्याचे ठरविले. त्या गावांतील पोरांनी रानवाट तुडवीत कोठे जावे, हे अंदाजपत्रक मांडणाऱ्यांनी सांगावे.