केसाएवढी रेघ

मैत्रिणींनो, आमच्या कोनमध्ये भिवंडीच्या मागांची खडखड काही नवी नाही. पण मागावर ताणलेल्या सुतांत चित्र दिसायला नसरीन मोहमदींचेच डोळे हवेत. तशा धाग्यांचे त्यांनी फोटो काढले.

जन्म १९३७ चा, कराचीचा. आई लहानपणीच गेली, मग कुटुंब मुंबईला आलं. लंडन-पॅरिसला शिकून आल्या आणि १९७२ पासून शेवटपर्यंत बडोद्याला शिकवत राहिल्या. रंग हळूहळू सुटलेच. शाई, पेन्सिल, पट्टी, कागद, बस्स! ना माणूस, ना झाड, नुसत्या रेघा. एकीशेजारी एक, केसाएवढ्या बारीक. चित्राला नावसुद्धा द्यायच्या नाहीत.

रांगोळीचे ठिपके जोडताना आपला हात किती हलतो, आठवून बघा. यांना तर मज्जासंस्थेचा आजार. शरीरावरचा ताबा सुटत गेला, तरी कागदावरची रेघ हलली नाही. मला तर ही जिद्द त्यांच्या नावलौकिकापेक्षा मोठी वाटते. १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला त्यांनी डोळे मिटले. पन्नाशी नुकतीच उलटली होती. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने नवी शाखा उघडली, तेव्हा तिथल्या पहिल्या प्रदर्शनांत एक नसरीनबाईंचं होतं.