सूर्याच्या वाऱ्याचा माग काढणारे डॉ. विक्रम साराभाई



डॉ. विक्रम साराभाई म्हटले की आपल्याला रॉकेट आणि उपग्रह आठवतात. परंतु त्यांच्या स्वतःच्या संशोधनाचा विषय फार थोड्यांना माहीत आहे. सूर्याकडून येणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या वाऱ्याचा माग त्यांनी जमिनीवर राहून काढला.

त्यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादेतील एका गिरणीमालकाच्या घरी झाला. केंब्रिजला शिकत असताना दुसरे महायुद्ध सुरू झाले. ते मायदेशी परतले आणि बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली विश्वकिरणांचे मोजमाप करू लागले. १९४७ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. त्याच वर्षी अहमदाबादेत भौतिक संशोधन प्रयोगशाळा, म्हणजेच पीआरएल, स्थापन केली.

विश्वकिरण म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर सतत येणारे अतिवेगवान कण. अहमदाबाद, कोडाईकनाल व त्रिवेंद्रम येथे यंत्रे बसवून त्यांची रात्रंदिवस मोजणी चाले. दिवसाच्या कोणत्या वेळी कण जास्त, कोणत्या वेळी कमी, या आकड्यांवरून सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधल्या अवकाशात काय चालले आहे, याचा अंदाज ते बांधत.

सूर्यापासून विद्युतभारित कणांचा, म्हणजे प्लाझ्माचा, प्रवाह अखंड वाहतो. त्यालाच सौरवारा म्हणतात. १९६२ मध्ये अमेरिकेच्या मरिनर-२ यानाने तो प्रत्यक्ष मोजला. हा वारा सगळीकडे सारख्या वेगाचा नसेल तर काय घडेल, याचा विचार डॉ. साराभाईंनी १९६३ च्या शोधनिबंधात मांडला.

गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत पुढचे मंडळ संथ चालले आणि मागचे जोरात आले की मध्ये रेटारेटी होते. तसेच येथे होते. सेकंदाला सुमारे ७०० किलोमीटर वेगाचा प्रवाह ४०० किलोमीटरच्या प्रवाहाला मागून गाठतो. प्लाझ्मा दाबला जातो आणि आघात तरंग तयार होऊ शकतो. तेथे इलेक्ट्रॉन तापतात. काही इलेक्ट्रॉन उलटे परावर्तित होऊन वेगाने धावतात आणि प्लाझ्मात लहरी उठवतात. असे आघात पृथ्वीवर आदळले की चुंबकीय वादळे होतात, उपग्रहांना धोका पोहोचतो.

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंबा येथून भारताच्या भूमीवरचे पहिले रॉकेट उडाले. १९६६ मध्ये डॉ. भाभांच्या निधनानंतर अणुऊर्जा आयोगाचीही जबाबदारी त्यांच्यावर आली. ३० डिसेंबर १९७१ रोजी कोवळम येथे, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. भारतीय यानाने सौरवारा मोजलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

परंतु काम थांबले नाही. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले आदित्य-एल१ हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोहोचले. त्यावरचे सौरवाऱ्याचे कण मोजणारे अ‍ॅस्पेक्स हे उपकरण त्यांच्याच पीआरएलने तयार केले आहे.

मुलांनो, वहीत रोज नेमाने टिपलेला आकडा लहान नसतो. अहमदाबादला गेलात तर त्यांनी मुलांसाठी सुरू केलेले सामुदायिक विज्ञान केंद्र अवश्य पाहा.