त्याग आणि जागरूकता

चीनमधील राजेशाहीच्या अस्ताशी डॉ. सुन यत्सेन यांचे नाव कायमचे निगडित झाले आहे. क्वांगतुंग प्रांतातील एका शेतकरी कुटुंबात १८६६ साली ते जन्मले. हाँगकाँगला १८९२ साली वैद्यकीची पदवी मिळवून त्यांनी मकावमध्ये व्यवसाय आरंभिला. पण गोव्याप्रमाणे तेथेही पोर्तुगीज सत्ता होती आणि पोर्तुगीज पदवीवाचून त्यांना थारा मिळेना. १८९५ सालचा कँटनचा उठाव फसला व सोळा वर्षांचा वनवास वाट्याला आला. १८९६ साली लंडनमधील चिनी वकिलातीने त्यांना डांबून ठेविले, गुरू डॉ. कँटली यांच्या खटपटीने ते सुटले.

ऑक्टोबर १९११ मध्ये वूचांगला क्रांतीचा वणवा पेटला, तेव्हा ते अमेरिकेत होते. १ जानेवारी १९१२ रोजी ते प्रजासत्ताकाचे हंगामी अध्यक्ष झाले. परंतु यादवी टळावी म्हणून त्यांनी लवकरच ते पद सेनापती युआन शिकाई यांच्या हाती सोपविले. त्याच युआनने १९१५ साली स्वतःला सम्राट घोषित केले! १२ मार्च १९२५ रोजी डॉ. सुन पेकिंगमध्ये निवर्तले, तेव्हाही देश दुभंगलेलाच होता.

सत्तेचा त्याग थोर खराच. पण ती कोणाच्या हाती जाते याविषयी जागरूक राहणे, हेही देशभक्ताचे तितकेच मोठे कर्तव्य होय.